गरम झालेली आरएक्स-८ सेल्फ मारूनही चालू होत नाही: इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं आणि खोललंच तर कुठे थांबायचं

माझदा आरएक्स-८ २००३ ते २०१२ या काळात विकली गेली. म्हणजे आज हातात येणारी प्रत्येक गाडी जुनी आहे, आणि तिच्यातल्या १३बी रेनेसिस रोटरी इंजिनाची एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: गार असताना चालू होते, गरम झाली की होत नाही. "इंजिन गेलं, खोलावं लागणार," हा निदानाचा शेवट आहे, सुरुवात नाही. बॅटरीची सैल तार, थकलेला स्टार्टर आणि मेलेली कॉइल यांचीही लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि इंजिन टेबलावर येईपर्यंत जातो. मधली एकही पायरी गाळू नका.

लक्षणं

गरम इंजिनाला पाच-सात सेकंद सेल्फ मारावा लागतो, किंवा ते धरतच नाही. तासभर उभं ठेवलं की पुन्हा पहिल्या सेल्फला चालू होतं. गरम असताना आयडलिंग वरखाली होतं आणि सिग्नलला गाडी बंद पडते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या पुढे गाडी ओढत नाही. पेट्रोल जास्त पितं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि स्कॅनरवर पी०३०१ किंवा पी०३०२ हा कोड येतो. पहिला पुढच्या रोटरचा मिसफायर (पेट्रोल नीट न जळणं), दुसरा मागच्याचा. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर पुढची यादी तुमच्यासाठी आहे.

तीन लक्षणं मात्र या यादीत बसत नाहीत. पहिलं, रात्रभर उभ्या गाडीतून सकाळी पांढरा धूर येतो, कूलंट सारखा कमी होतो, गार इंजिन चालू केल्या केल्या कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात: हे पाण्याच्या सीलचं, म्हणजे कूलंट अडवणाऱ्या रबरी रिंगेचं काम आहे. प्लग-कॉइल बदलून त्यात काहीही फरक पडणार नाही. दुसरं, तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला: गाडी बाजूला घ्या आणि लगेच बंद करा. ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग बिडाच्या प्लेटांमध्ये दाबून बसवलेली असतात, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, आणि एकदाच जास्त तापलं तरी मधली रबरी रिंग कायमची दबते. तिसरं, आतून धातूचा ठोका ऐकू येत असेल किंवा ऑइलमध्ये चमकणारे कण दिसत असतील तर सेल्फसुद्धा मारू नका. तुटलेला सील फिरवत राहिलात तर तो हाउसिंगच्या क्रोमवर चरे पाडत जातो, आणि वाचण्यासारखं हाउसिंग भंगारात जातं.

गरम असतानाच का?

रोटर म्हणजे तीन फुगीर अंगांचा त्रिकोण. तिन्ही टोकांना ८० मिमी लांब आणि २ मिमी जाड असे तीन एपेक्स सील, पुढच्या-मागच्या सपाट तोंडांना साइड सील, आणि त्यांच्या सांध्यावर छोटे गोल कॉर्नर सील. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून हवा दाबून धरण्याची, म्हणजे कॉम्प्रेशनची, सगळी जबाबदारी या सीलांची. गार असताना तेलाचा जाड थर बारीकसारीक फटी बुजवतो. इंजिन तापलं की तेल पातळ होतं, फट उघडी पडते. सेल्फ वेगात फिरला तर हवेला निसटायला वेळच मिळत नाही आणि थोडी गळती असूनही इंजिन धरतं. सेल्फ मंद असला तर मात्र दाब तयार होण्याआधीच हवा पसार होते.

म्हणजे दोषी दोनच: वेग कमी, नाहीतर गळती जास्त. वेगाचा इलाज स्वस्त, गळतीचा महाग. म्हणून आधी वेग.

१. बॅटरी, अर्थिंग आणि स्टार्टर

मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट हवेत. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या खाली पडत असेल तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवर संशय घ्या. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती सोडवून दोन्ही टोकं ब्रशने चमकेपर्यंत घासा आणि परत लावा. खर्च शून्य.

आता सेल्फचा वेग मोजा. हा आकडा पुढे कॉम्प्रेशनच्या वेळीही लागणार आहे, तेव्हा नीट मोजा. इंधन पंपाचा फ्यूज काढा, चारही कॉइलचे कनेक्टर सोडवा, आणि एकाच रोटरचा एक प्लग काढा. एक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. रोटरचं एकेक अंग प्लगच्या भोकासमोर आलं की "फुस्" असा आवाज येतो. मुख्य (एक्सेंट्रिक) शाफ्टच्या एका फेरीला एका रोटरचा एक फुसकारा. माझदाचं प्रमाण मिनिटाला २५० फेऱ्यांचं आहे, म्हणजे दहा सेकंदांत साधारण ४२ फुसकारे. तीस-पस्तीसच मोजले गेले तर इंजिनावर आरोप करू नका, स्टार्टर बदला. माझदाने नंतर या गाडीसाठी जास्त दमदार स्टार्टर दिला, तो जुन्या गाडीलाही बसतो. गरम चालू न होणाऱ्या बऱ्याच गाड्यांना निव्वळ तेवढ्याने आणखी काही वर्षं मिळतात. दुखणं त्याने बरं होत नाही, पण तुम्हाला ठरवायला वेळ मिळतो.

मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर एक देशी परीक्षा आहे. गरम असताना सेल्फवर धरत नाही, पण उतारावरून धक्का देऊन दुसऱ्या गिअरला क्लच सोडल्यावर लगेच धरते? मग पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक आहेत. प्रश्न वेग किंवा कॉम्प्रेशनचाच.

२. इंजिन पेट्रोलने भिजलं आहे का?

गार इंजिन चालू करून गाडी दोन फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, की रोटरी रुसते. गार असताना इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडतात, ते जळायच्या आत इंजिन बंद होतं, प्लग ओले होतात आणि सीलावरचं तेल धुऊन जातं. तेल धुतलं की कॉम्प्रेशनही पडतं, म्हणून भिजलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून घाबरू नका.

उपाय: एक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा. त्या स्थितीत सेल्फ मारताना संगणक इंजेक्टर बंद ठेवतो. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती, असं दोन-तीनदा. तरी धरलं नाही तर प्लग काढून वाळवा, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक तेल आत सोडा, आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा प्रयत्न करा. पहिल्या मिनिटाला धूर भरपूर येईल. यापुढे गाडी चालू केली की पूर्ण गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही.

३. प्लग आणि कॉइल

प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. दोन्ही वेगळे आहेत. लीडिंगला आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. अदलाबदल झाली तर इंजिन चालतं, पण नीट चालत नाही, आणि ही चूक दुसऱ्या हातच्या गाड्यांत हमखास सापडते. पुढचं चाक काढलं की चाकाच्या कमानीतून हात पोहोचतो. इंजिन गार असतानाच काढा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात. बसवताना आधी बोटांनीच फिरवा. घट्ट करायला १३ ते १७ न्यूटन-मीटर पुरेसे.

कॉइल चार आहेत आणि त्या या गाडीतला सगळ्यात बेभरवशाचा भाग आहेत. एकेक बदलत बसू नका. एक गेली म्हणजे तेवढीच चाललेल्या उरलेल्या तिन्ही रांगेत आहेत. चारही कॉइल, चारही वायर आणि चारही प्लग एकदम बदलावेत. ५०,००० किलोमीटरला एकदा हे न चुकता करणाऱ्याचं इंजिन जास्त टिकतं, आणि त्याला कारण आहे. कॉइल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं. कन्व्हर्टरची जाळी वितळते, धुराची वाट अडते, उष्णता इंजिनातच कोंडते. रेनेसिसची एक्झॉस्ट पोर्ट बिडाच्या प्लेटांमध्ये आहेत, तेव्हा ती उष्णता थेट साइड सीलांवर बसते. गरम चालू न होण्याच्या बऱ्याच कहाण्या अशाच एका दुर्लक्षित कॉइलपासून सुरू झालेल्या असतात.

४. सेन्सर

पुढच्या पुलीच्या मागे शाफ्टची स्थिती वाचणारा सेन्सर असतो. चुंबकीय असल्याने त्यावर लोखंडाचा भुगा चिकटतो. एक बोल्ट काढून तो बाहेर घ्या, पुसा, परत बसवा. हवामापक सेन्सरवर फक्त त्यासाठीचाच स्प्रे मारा. कार्ब्युरेटर क्लीनर मारला तर आतली बारीक तार खराब होते. पहिल्या पिढीच्या गाड्यांत यानंतर चावी ऑन करून, इंजिन चालू न करता, आठ सेकंदांत वीस वेळा ब्रेक दाबायचा. संगणकाने शिकून ठेवलेली शाफ्टची जुनी नोंद त्याने पुसली जाते. ऑइल प्रेशरचा काटा उडी मारतो, तीच खूण.

५. कन्व्हर्टर तुंबला आहे का?

वरच्या फेऱ्यांना दम नसेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २,५०० फेऱ्यांना ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब म्हणजे वाट अडली आहे. तुंबलेला कन्व्हर्टर तसाच ठेवून नवीन इंजिन बसवणं म्हणजे तेही त्याच वाटेने पाठवणं. जाळी फोडून रिकामा डबा लावण्याच्या भानगडीत पडू नका. जवळपास सगळीकडे ते बेकायदा आहे.

६. कॉम्प्रेशन: सहा आकडे, एक नव्हे

इथवर आलात आणि तक्रार कायम आहे, तर आता मोजायची वेळ. बहुतेक चुका इथेच होतात. साधा पिस्टनचा गेज लावला की तो तीन अंगांपैकी सगळ्यात चांगल्या अंगाचा आकडा धरून बसतो. दोन अंगं मेलेली असली तरी गेज म्हणतो, सगळं छान. आरएक्स-८ भारतात कंपनीने कधी विकलीच नाही. तिथे माझदा हे नाव एकेकाळी स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसवर दिसायचं. पुण्या-मुंबईत आणलेली एखादी आरएक्स-८ साध्या गॅरेजमध्ये गेली तर हा एकच आकडा हातात पडण्याची भीती खरी आहे. ऑकलंड, मेलबर्न किंवा बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्यांना रोटरीसाठीचा खास टेस्टर असलेलं गॅरेज शोधता येतं. इंजिन खोलायचा विचार असेल तर त्या चाचणीचे पैसे वाचवू नका.

खास टेस्टर नसेल तर साध्या गेजच्या टोकातली, हवा परत न जाऊ देणारी छोटी व्हॉल्व्ह काढून टाका. आता काटा थांबणार नाही, प्रत्येक अंगागणिक उडेल. इंजिन पूर्ण गरम, एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पंपाचा फ्यूज आणि कॉइल सुटलेल्या. काट्याचा व्हिडिओ घ्या, मग संथ गतीने बघा. दोन्ही रोटरसाठी गेज एकाच जागच्या भोकात लावा. एकाला खालच्या आणि दुसऱ्याला वरच्या असं करू नका.

२५० फेऱ्यांना नव्या इंजिनाचा आकडा ८३० किलोपास्कल, म्हणजे ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा १२० पीएसआय. किमान मर्यादा ६८० किलोपास्कल, म्हणजे ६.९ किलो. एकाच रोटरच्या अंगांमध्ये १५० किलोपास्कलपेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० किलोपास्कलपेक्षा जास्त फरक चालत नाही. तुमचा सेल्फ २१० फेऱ्यांनी फिरत असेल तर आकडे आपोआप कमी येतील. ते २५० वर आणूनच ताडून बघा, त्यासाठीचा आलेख दुरुस्ती पुस्तिकेत असतो. उंचीही धरा. डेन्व्हरसारख्या १,६०० मीटर उंचीच्या गावात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो, आणि निरोगी इंजिनही तिथे आजारी दिसतं.

आकडे असे वाचा. एका रोटरचं एकच अंग कमी: त्या अंगाचा साइड सील अडकला किंवा झिजला असावा. शेजारशेजारची दोन अंगं कमी: त्या दोघांमधला एपेक्स सील किंवा कॉर्नर सील, कारण टोकावरचा सील दोन्ही बाजूंची हवा अडवतो. सहाही अंगं सारखीच कमी: सगळीकडून झीज, नाहीतर सेल्फचा वेग मोजण्यात चूक. कानानेही हे कळतं. निरोगी रोटर "फुस्-फुस्-फुस्" असा एका तालात वाजतो. आजारी रोटरचा ताल दर तिसऱ्या ठोक्याला लंगडतो. आकड्यांआधी कानाची सवय करा, खूप उपयोगी पडते.

सगळे आकडे ६.९ च्या वर असूनही गरम चालू होत नसेल तर इंजिन खोलू नका. वर परत जा, काहीतरी सुटलं आहे.

७. कार्बन

एकच अंग कमी असेल तर साइड सील कार्बनमध्ये चिकटलेला असण्याची शक्यता असते. गरम इंजिनाला व्हॅक्यूमच्या नळीतून कार्बन सोडवणारं द्रव बाटलीवर लिहिल्याप्रमाणे हळूहळू ओढू द्या, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग इंजिन गरम करून वरच्या फेऱ्यांपर्यंत नेत मोकळ्या रस्त्यावर चालवा. पुन्हा मोजा. आकडा वाढला तर आणखी एकदा करायला हरकत नाही. जागचा हलला नाही तर बाटल्या ओतणं थांबवा. झिजलेला धातू कोणतंही रसायन परत आणत नाही.

खोलायचंच ठरलं तर

इंजिन काढणं, खोलणं, साफ करणं आणि मोजणं हे नवख्याला घरच्या गॅरेजमध्ये जमतं. रोटरीत हलणारे भाग थोडे आहेत, टायमिंग चेन नाही, कॅमशाफ्ट नाही. अवघड आहे ती मोजमापाची शिस्त. लागणारी हत्यारं: इंजिन उचलायची क्रेन, दोन टॉर्क पाने, ०.०४ मिमीपासूनच्या पट्ट्यांचा फिलर गेज, ०.०१ मिमी वाचणारा डायल गेज आणि त्याचा चुंबकीय स्टँड, सरळ पट्टी, मायक्रोमीटर, आणि ५४ मिमीचा मोठा सॉकेट. एसीचा गॅस हवेत सोडू नका. गाडी उघडण्याआधी एसीवाल्याकडून काढून घ्या. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, खाली स्टँड हवेतच.

तो ५४ मिमीचा सॉकेट फ्लायव्हीलच्या नटासाठी. नट ३९२ ते ४९० न्यूटन-मीटरला घट्ट असतो, लांब दांडा आणि फ्लायव्हील अडवायची पक्की सोय असल्याशिवाय हलत नाही. नट सैल झाला की पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या. फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं आणि सुटतं तेव्हा एकदम उडून सुटतं. नट असेल तर ते नटावर अडतं, नसेल तर पायावर येतं.

प्रत्येक सील निघाला की त्याच्या जागेचं नाव लिहिलेल्या खोक्यात: पुढचा रोटर, पुढचं तोंड, टोक क्रमांक अमुक. ऑइल सीलच्या स्प्रिंगांवर रंगाची खूण असते. पुढच्या आणि मागच्या तोंडाच्या वेगळ्या असतात. रोटर साफ करताना वाळूचा मारा किंवा पॉलिश पेपर नको. द्रवात भिजवा आणि पितळी ब्रश वापरा.

आता मोजायचं, आणि कोणताही महागडा भाग मागवण्याआधी मोजायचं. बिडाच्या प्लेटवर सरळ पट्टी ठेवा: ०.०४ मिमीची फिलर पट्टी खालून सरकली तर प्लेट वाकली आहे. साइड सीलांनी पाडलेली पायरी डायल गेजने मोजा, मर्यादा ०.१० मिमी. रोटरच्या टोकावरच्या खाचेत नवा एपेक्स सील ठेवून बाजूची फट पाहा, ०.१५ मिमीच्या पुढे गेली तर रोटर बाद. हाउसिंगच्या आतल्या कडेवरून नख फिरवा: नख अडकलं तर क्रोमचे पापुद्रे सुटायला लागले आहेत. पाण्याच्या सीलची खोबण गंजून तिची भिंत तुटली आहे का, ते भिंग लावून बघा. बेअरिंगमध्ये तांबं दिसायला लागलं असेल तर बेअरिंग बदलायचं.

इथे थांबा

क्रोम सुटलं, खोबणीची भिंत तुटली, पायरी मर्यादेबाहेर गेली, शाफ्टची वाक ०.१२ मिमीपेक्षा जास्त निघाली, किंवा बेअरिंग दाबून बसवायची वेळ आली, तर घरचं काम इथे संपलं. प्लेट घासून सपाट करता येते, पण तिच्यावरचा नायट्रायडिंगचा कडक थर त्यात जातो. तो परत देणारं वर्कशॉपच गाठावं लागतं. क्रोम उडालेलं हाउसिंग घरी वाचवता येत नाही, ते बदलावंच लागतं. दोन हाउसिंग आणि एक प्लेट बदलायची निघाली की हिशेब करा: बऱ्याचदा जाणकाराकडून बांधून मिळणारं पूर्ण इंजिन स्वस्त पडतं. अमेरिकेत माझदाने २००८ मध्ये २००४-०८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती. त्यामुळे तिथल्या अनेक गाड्यांत दुसरं इंजिन आधीच बसलेलं असतं. जुन्या मालकाकडून त्याचे कागद मागून घ्या, इंजिनाचं खरं वय त्यातूनच कळतं.

बांधताना

सगळे भाग मर्यादेत निघाले तर पुढे चला. रबरी रिंगा आणि सगळ्या स्प्रिंगा नव्याच घ्यायच्या. सील रेनेसिससाठीचेच मागवा. आरएक्स-७ चे एपेक्स सील उंचीला जास्त असतात आणि रेनेसिसचा साइड सील पाचरीसारख्या निमुळत्या छेदाचा आहे; नाव सारखं असलं तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ साइड सीलांना द्या. एकूण बारा आहेत आणि बाजारात मिळणारे बरेच किंचित लांब येतात. कॉर्नर सील जागेवर बसवा, साइड सील खोबणीत ठेवा, एक टोक कॉर्नर सीलला टेकवा आणि दुसऱ्या टोकाची फट मोजा. हवी ०.०५ ते ०.१५ मिमी. बारीक कानशीने एकाच टोकाला दोन-तीन हलके हात मारायचे, टोकाची गोलाई कॉर्नर सीलशी जुळती ठेवायची, पुसायचं, परत मोजायचं. ०.०५ ची पट्टी अलगद गेली आणि ०.१५ ची अडली की त्याला हात लावायचा नाही. त्याच्या जागेचं नाव लिहून ठेवा, पुढचा घ्या. बारा सीलांना एक अख्खी दुपार जाते. फट शून्य राहिली तर गरम झाल्यावर सील फुगून अडकतो. जास्त घासला गेला तर ज्या गळतीसाठी इंजिन खोललं तीच परत आत बसवाल. दोन सील जास्तीचे मागवलेले बरे.

सील जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन पुरतं, ते पहिल्याच तापात वितळून जातं. पुढची प्लेट खाली ठेवून थर चढवत जा. मधली प्लेट बसवताना एक्सेंट्रिक शाफ्ट इंचभर वर उचलून धरावा लागतो, नाहीतर प्लेट त्याच्या फुगीर भागावरून खाली उतरत नाही. दुसरा माणूस हवाच. लांब टेन्शन बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. त्यांचा टॉर्क ४० न्यूटन-मीटरच्याही आत आहे. एवढं मोठं इंजिन इतक्या कमी टॉर्कवर कसं टिकेल असं वाटून लोक जास्त आवळतात आणि हाउसिंग पिळवटतात. प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे अडला तर ताकद लावू नका, खोला.

शेवटी शाफ्टची पुढे-मागे हालचाल डायल गेजने: ०.०४ ते ०.०७ मिमी, कमाल ०.०९. बाहेर गेली तर पुढचा स्पेसर वेगळ्या जाडीचा घ्यावा लागतो, त्यावर जाडीचं अक्षर कोरलेलं असतं. ही हालचाल अचानक शून्य आली तर स्पेसर मागवू नका. पुढचा बोल्ट सैल असताना आतलं सुयांचं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून घसरलं आणि बोल्ट आवळताना चेपलं गेलं, असं समजा. पुढचं कव्हर काढून बघा. तसंच चालवलं तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये बेअरिंग तुटतं.

पहिली सुरुवात

नव्या सीलांचं कॉम्प्रेशन सुरुवातीला कमीच असतं, म्हणून पहिल्यांदा चालू व्हायला त्रास झाला तर लगेच परत खोलायला घेऊ नका. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडा, बॅटरी भरलेली ठेवा, तुंबलेला कन्व्हर्टर आधीच बदललेला असू द्या. चालू झालं की कूलंटमधली हवा काढा आणि तापमान स्कॅनरवर पाहा. डॅशबोर्डवरचा काटा मधल्या खुणेवर बराच वेळ स्थिर बसतो आणि तापलेलं उशिरा सांगतो. पेट्रोलमध्ये जासो एफडी दर्जाचं टू-स्ट्रोक तेल घाला, ५० लिटरला २५० मिली. ऑइलची पातळी दर दुसऱ्या टाकीला बघा. हे इंजिन सीलांच्या वंगणासाठी ऑइल मुद्दाम जाळतं, तेव्हा पातळी कमी होणं हा बिघाड नाही. ती तशीच राहिली तर ऑइल सोडणारा पंप तपासा.

पहिले १,००० ते १,५०० किलोमीटर ४,००० फेऱ्यांच्या आत, पण सारखा वेग बदलत चालवा. त्यानंतर ऑइल बदला आणि गरम इंजिनावर सहाही आकडे पुन्हा घ्या. इंजिन खोलण्याआधीच्या आकड्यांशेजारी ते लिहून ठेवा, सेल्फच्या फेऱ्या आणि गावाच्या उंचीसकट. पुढे कधी गरम चालू व्हायला त्रास झाला तर तुलना त्याच कागदाशी करायची आहे.